मंदिराच्या दारापासून शेताच्या बांधापर्यंत : कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि भूमिहीनांचा प्रश्न

गेल्या वर्षी १५ ऑक्टोबर रोजी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी, ठाण्यातील घोडबंदर रोडवरच्या एका विहारात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या जयंतीनिमित्त बोलण्याचा योग आला. माजिवड्यापासून गायमुखापर्यंतचा हा परिसर एका पिढीपूर्वी भातशेतीचा होता. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे ही नावे आज बसथांब्यांची आणि गृहसंकुलांची वाटतात. परंतु ती मुळात गावांची आणि पाड्यांची नावे आहेत. एका बाजूस येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आता उंच इमारतींची रांग. त्या इमारतींच्या मागे दडलेल्या एका जुन्या वस्तीत हे विहार आहे. समोर बसलेले श्रोते मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि कोकण येथून कधी ना कधी पोटासाठी आलेल्या कुटुंबांतले होते. त्यांची मुले आता बँकांत, रुग्णालयांत आणि संगणकाच्या कंपन्यांत काम करतात.

व्याख्यान संपल्यावर दोन प्रश्न आले. एक तरुण आयुष्मती म्हणाली, "सर, बाबासाहेबांनी आम्हाला खेडे सोडायला सांगितले. मग दादासाहेबांनी खेड्यातल्याच जमिनीसाठी लाखो लोकांना तुरुंगात का नेले?" दुसरा प्रश्न एका शिक्षकाचा होता आणि तो अधिक अडचणीचा होता. ते म्हणाले, "आपण दर रविवारी मुलांना पंचशील शिकवतो. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील. मग गायरानावर नांगर घालणे या शीलात कसे बसते?"

दोन्ही प्रश्नांना त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते घाईचे होते. ते नीट मांडावे म्हणून हा लेख. दादासाहेबांचे चरित्र अनेकांनी लिहिले आहे. त्यातील सर्व प्रसंग येथे सांगण्याचा हेतू नाही. त्यांच्या राजकीय जीवनातील एकच धागा, म्हणजे जमिनीचा प्रश्न, येथे उलगडावयाचा आहे.

काळाराम मंदिराचा धडा

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तथापि माणसे जमविणे, ती टिकविणे आणि दिलेले काम शेवटास नेणे या तीन गोष्टी त्यांना उत्तम साधल्या होत्या. बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा सत्याग्रह समितीच्या चिटणीसपदाची धुरा भाऊरावांकडे होती. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्याच्या प्रश्नावरून दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. तरीही सत्याग्रह थांबला नाही. तो वर्षानुवर्षे चालला.

या लढ्याचा शेवट आपण सहसा विसरतो. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी भाऊरावांना एक पत्र लिहिले. मंदिरप्रवेशाचा लढा आपण लोकांना मूर्तिपूजक बनविण्यासाठी उभारला नव्हता, लोकांत चैतन्य आणण्याचा तो एक मार्ग होता, आणि ते कार्य आता झाले आहे, अशा आशयाचे ते पत्र आहे. यापुढे शक्ती राजकारण आणि शिक्षण यांकडे वळवावी, असा त्याचा निष्कर्ष. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याची परिषद झाली आणि धर्मांतराची घोषणा झाली.

चार वर्षे ज्या दारासमोर मार खाल्ला ते दार न उघडताच परत फिरणे कोणत्याही कार्यकर्त्यास जड जाते. भाऊराव परत फिरले, आणि मनात कडवटपणा न ठेवता फिरले. काळारामाच्या सत्याग्रहाने त्यांना दोन गोष्टी शिकविल्या असे म्हणता येईल. अन्यायाची जागा उघडपणे, सर्वांच्या देखत अडविली पाहिजे, ही पहिली. आणि ती जागा योग्य निवडली पाहिजे, ही दुसरी. देवळाचे दार उघडले असते तरी त्यातून भाकरी आली नसती. भाकरी येते ती शेतातून, आणि शेत दुसऱ्याच्या नावावर होते.

वतन : नावाची जमीन, वेठीचे काम

महारांकडे जमीन मुळीच नव्हती असे नाही. महार वतन म्हणून ओळखली जाणारी इनाम जमीन, जिला महसुली भाषेत वर्ग सहा-ब म्हणत, गावोगावी होती. परंतु या वतनाचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. १८७४ च्या वतन कायद्याने महार हा गावाचा आणि सरकारचा वंशपरंपरागत चाकर ठरविला होता. सरकारी टपाल पोहोचविणे, साहेबाच्या मुक्कामाची व्यवस्था पाहणे, मेलेली जनावरे ओढणे, सारा वसुलीसाठी लोकांना बोलावून आणणे अशी कामे रात्रंदिवस करावयाची. त्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते. जमिनीचा तुकडा पिढ्यांगणिक वाटला जाई. वाट्याला काही गुंठे येत. पण त्या गुंठ्यांसाठी सारा महारवाडा चाकरीत अडकून पडे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणासाठी. पूर्ण आकारणी भरून जमीन आपल्याकडे ठेवावी आणि चाकरीतून मोकळे व्हावे, हा त्याचा गाभा होता. ते विधेयक तडीस गेले नाही. १६ डिसेंबर १९३९ रोजी अहमदनगर जिल्ह्यात हरेगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वतनदार महार, मांग आणि वेठियांची परिषद झाली. तेथेही वतन जमिनीवरील वाढीव आकारणीचा प्रश्न पुढे होता. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेलेले भाऊराव गायकवाड या साऱ्या घडामोडींत होते. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. चाकरी संपली. जमीन मूळ वतनदारांस परत देण्याची तरतूद झाली, पण नव्या अविभाज्य शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती हस्तांतरित करता येत नाही.

ही शर्त दुबळ्याच्या रक्षणासाठी होती. परंतु शहरांच्या कडेच्या अनेक गावांत तिचा उपयोग कोणाला झाला हे आपण पाहिले आहे. जमिनीचा भाव वाढू लागला की कुलमुखत्यारपत्रे निघतात, वारसांपैकी एकाची सही घेतली जाते, आणि उरलेल्यांना कुंपण उभे राहिल्यावर कळते. घोडबंदर रोडसारख्या झपाट्याने शहर बनलेल्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे अधिक सांगावयास नको.

कूळकायद्याने कोणाला जमीन दिली?

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात जमीनसुधारणा झाली नाही असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट आणि शेतजमीन अधिनियमानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा मालक मानला गेला. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आला.

मग अस्पृश्यांच्या हाती जमीन का आली नाही? कारण कायद्याने मालकी दिली ती कुळाला. कूळ म्हणजे खंडाने जमीन कसणारा, ज्याचे नाव सातबाऱ्यावर वहिवाटदार म्हणून लागले आहे असा माणूस. महारवाड्यातील आणि मांगवाड्यातील माणूस बहुतेक ठिकाणी कूळ नव्हताच. तो सालगडी होता किंवा रोजंदारीचा मजूर होता. नांगर त्याच्या हातात होता, पण सातबाऱ्यावर त्याच्या नावाला रकाना नव्हता. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेतील 'कसणारा' या शब्दाचा अर्थ कायद्याने खंडकरी असा लावला. मजूर त्या अर्थाबाहेर राहिला. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले शामराव परुळेकर हे एकेकाळी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचेच आमदार होते. जमीन कसणारा आणि जमिनीचा धनी यांच्यातील दरी ही केवळ एका जातीची गोष्ट नव्हती, हे दादासाहेबांना ठाऊक होते.

हे कायद्याचे अंतर ज्या थोड्या नेत्यांच्या नेमके लक्षात आले त्यांत दादासाहेब प्रमुख होते. पदवीधर सहकाऱ्यांना घटनेची कलमे पाठ होती. दादासाहेबांना महारवाड्यातील चुलीची स्थिती पाठ होती.

भूमिसत्याग्रह

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे भारतीय रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले होते. १९६२ ते १९६८ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. म्हणजे भूमिसत्याग्रहाच्या दोन मोठ्या मोहिमा त्यांनी संसदेचे सदस्य असतानाच चालविल्या, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संसदेत बोलणे आणि बांधावर उभे राहणे यांत त्यांना विरोध दिसत नव्हता.

पहिली मोहीम १९५९ ची. मराठवाडा, खानदेश, नाशिक आणि अहमदनगर हे तिचे मुख्य क्षेत्र. पडीक सरकारी जमीन आणि गायराने भूमिहीनांना लागवडीसाठी द्यावीत, ही मागणी होती. लोक जथ्याने जात आणि अटक करवून घेत.

दुसरी मोहीम देशव्यापी होती. १ ऑक्टोबर १९६४ रोजी दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली दिल्लीत संसदेवर मोर्चा गेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली. मागण्या दहा होत्या. जमीन कसणाऱ्यास मिळावी आणि पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, या त्यांतील मुख्य. त्यांच्याबरोबर धान्याचे योग्य वाटप आणि भाववाढीस आळा, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारणे, नोकऱ्यांतील राखीव जागा भरणे, अस्पृश्यता-अपराध कायद्याचा कडक वापर, बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा मागण्या होत्या. प्रतिसाद मिळाला नाही म्हणून ६ डिसेंबर १९६४ या महापरिनिर्वाणदिनी सत्याग्रह सुरू झाला आणि १९६५ च्या आरंभापर्यंत चालला. चळवळीच्या नोंदींनुसार तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली. त्यांत कडेवर मूल घेतलेल्या स्त्रियाही होत्या. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या दादासाहेबांच्या बरोबरीने या लढ्यात उतरल्या होत्या.

त्या दहा मागण्यांपैकी दोन पुऱ्या व्हावयास पाव शतक लागले. बाबासाहेबांचे तैलचित्र मध्यवर्ती सभागृहात १९९० मध्ये लागले, आणि बौद्धांना केंद्रीय पातळीवर अनुसूचित जातींचा दर्जा देणारी दुरुस्तीही १९९० मध्येच झाली. आज घोडबंदर रोडवरील ज्या घरांत केंद्र सरकारची नोकरी आली, त्यांपैकी अनेकांच्या नेमणुकीमागे १९६४ च्या थंडीत तुरुंगात बसलेल्या भूमिहीन मजुराचा हात आहे. हे ऋण बहुतेकांना माहीतही नसते.

खेडे सोडा, आणि जमीनही मागा

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. बाबासाहेबांनी खेड्याविषयी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी जे कठोर मत मांडले ते प्रसिद्ध आहे. शहराकडे जा, शिका, गावगाड्याच्या चाकरीतून सुटा, हा त्यांचा उपदेशही खरा. परंतु तेवढ्यावरून जमिनीचा प्रश्न त्यांनी सोडून दिला असे समजणे चूक आहे.

शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवरील त्यांचा अभ्यास १९१८ चा आहे. १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा, राज्याने जमीन ताब्यात घेऊन ती जातिभेद न करता गावकऱ्यांच्या गटांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी योजना आहे. त्याच निवेदनात अनुसूचित जातींसाठी पडीक सरकारी जमिनीवर स्वतंत्र वसाहती वसविण्याची मागणीही आहे.

येथे प्रश्नाचे उत्तर मिळते. बाबासाहेबांनी जे सोडावयास सांगितले ती खेड्यातील अवस्था होती : गावाच्या दयेवर जगण्याची, चाकरीच्या बदल्यात भाकरी मिळण्याची. ज्याला शहर गाठता आले तो शहर गाठून सुटला. ज्याला गाठता आले नाही त्याला गावातच त्या अवस्थेतून सोडवावयाचे, तर त्याच्याजवळ स्वतःची जमीन हवी. भूमिहीन माणूस गावात पाटलाविरुद्ध साक्ष देऊ शकत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळत नाही. बहिष्काराचे शस्त्र भूमिहीनावरच चालते. म्हणून दादासाहेबांचा भूमिसत्याग्रह हा बाबासाहेबांच्या मार्गाचा फाटा नव्हता. जे मागे राहिले त्यांच्यासाठी तोच मार्ग होता.

शिवाय त्या दहा मागण्यांत झोपडपट्टीचाही उल्लेख आहे. गावात जो भूमिहीन तो शहरात झोपडीधारक होतो. गावात तो गायरानावर 'अतिक्रमक' ठरतो आणि शहरात पदपथाच्या कडेला पुन्हा तोच शब्द त्याचा पाठलाग करतो. पायाखालची जमीन आपली नाही, ही एकच गोष्ट दोन्ही ठिकाणी असते.

दुसरे शील आणि थेय्यचित्त

शिक्षकांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही शास्त्रास धरून दिले पाहिजे. दुसऱ्या शीलातील पालि शब्द 'अदिन्नादान' असा आहे. म्हणजे न दिलेले घेणे. हे कृत्य घडण्यासाठी पालि अट्ठकथांनी पाच अंगे सांगितली आहेत : वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असणे, ती दुसऱ्याची आहे याची जाणीव असणे, चोरीचे चित्त, ज्याला 'थेय्यचित्त' म्हणतात, ते असणे, त्यासाठी प्रयत्न करणे, आणि त्या प्रयत्नाने वस्तू हलविणे. पाचही अंगे एकत्र आली तरच शीलभंग होतो.

यांतील पहिल्या दोन अंगांविषयी वाद होऊ शकतो. गायरान आणि पडीक जमीन सरकारच्या नावावर असते, तेव्हा ती 'दुसऱ्याची' आहे असे कोणी म्हणेल; ती गावाची, म्हणजे आपलीही आहे, असे दुसरा म्हणेल. परंतु तिसऱ्या अंगाविषयी शंका घेण्यास जागा नाही. चोर रात्री येतो, लपतो, पकडले जाऊ नये म्हणून पळतो. सत्याग्रही दिवसा येतो. मागणी आधी लेखी देतो. घोषणा देत जातो आणि अटकेसाठी स्वतः पुढे होतो. ज्या कृत्याची पूर्वसूचना देशाच्या पंतप्रधानांना दिली आहे त्यात थेय्यचित्त कोठून असणार? उलट, चालू भाषेत ज्याला जमीन बळकावणे म्हणतात, जेथे खोटी कागदपत्रे करून रात्रीत कुंपण उभे केले जाते, तेथे पाचही अंगे पूर्ण असतात. मुलांना दुसरे शील शिकविताना हा फरक शिकविला पाहिजे.

दीघनिकायातील राजा

या विषयावर तथागतांचे एक प्रवचन विशेष प्रकाश टाकते. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात एका राजाची कथा आहे. तो प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे 'दालिद्दिय', म्हणजे दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी जन्मते. पहिला चोर राजासमोर आणला जातो. जगण्याचे साधन नाही म्हणून चोरी केली, असे तो सांगतो. राजा त्याला धन देऊन सोडतो. हे ऐकून इतरही चोरी करू लागतात. तेव्हा राजा धोरण बदलतो आणि पुढच्या चोराचा शिरच्छेद करवितो. ते पाहून चोर शस्त्रे घेऊ लागतात. मग हिंसा, मग असत्य, आणि माणसांचे आयुष्य व तेज क्षीण होत जाते.

या राजाच्या दोन्ही चुका पाहण्यासारख्या आहेत. त्याने आधी दिले नाही. प्रश्न समोर उभा राहिल्यावर एकेकट्याला दिले. आणि ते अंगाशी येताच दंड केला. महाराष्ट्रातील गायरानांचा इतिहास याच क्रमाने गेला आहे. भूमिहीन माणूस पडीक तुकड्यावर पेरणी करतो. तलाठी गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद करतो आणि दंड लावतो. त्या दंडाच्या पावत्या लोक पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतात, कारण कसत असल्याचा तोच एक पुरावा असतो. मग १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये शासनाने ठरावीक तारखेपर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घेतले. काहींना लाभ झाला. ज्यांच्याजवळ नोंद नव्हती ते वगळले गेले. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबमधील एका प्रकरणात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी आदेश दिला आणि वारे उलट फिरले. प्रथम उशिरा दिलेले दान, नंतर दंड : सुत्तातील राजाचाच हा क्रम आहे.

कूटदन्तसुत्तात याचा उपाय सांगितला आहे. राज्यात लूटमार वाढली असता राजाचा पुरोहित त्याला सांगतो की, वध आणि बंधन यांनी ती थांबणार नाही. जे शेती करतात त्यांना बी-बियाणे आणि अन्न द्यावे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे, जे राजसेवेत आहेत त्यांना वेतन द्यावे. यातील 'बीजभत्त' हा शब्द महत्त्वाचा आहे. साधन आधी द्यावयाचे आहे, गुन्हा घडल्यानंतर क्षमा म्हणून नव्हे. दादासाहेबांची मागणी नेमकी हीच होती. आमचे अतिक्रमण माफ करा, असे ते म्हणत नव्हते. पडीक जमीन भूमिहीनांना रीतसर वाटून द्या, असे ते म्हणत होते. अर्ज करणाऱ्याची भाषा आणि हक्क सांगणाऱ्याची भाषा यांत जो फरक आहे तो येथे आहे.

काही अप्रिय गोष्टी

आपल्या नेत्यांविषयी लिहिताना अप्रिय भाग गाळण्याची सवय चांगली नाही. पक्षस्थापनेनंतर दोन वर्षांच्या आतच रिपब्लिकन पक्ष फुटला. बॅरिस्टर-वकिलांच्या गटाने आपल्याला 'दुरुस्त' म्हटले आणि दादासाहेबांचा गट 'नादुरुस्त' ठरविला गेला. भूमिसत्याग्रह हा साम्यवाद्यांचा मार्ग आहे, घटनेने दिलेला नाही, असा आक्षेप होता. धोतर नेसणाऱ्या या नेत्याच्या शिक्षणाविषयीही कुजबूज होत असे. हा आक्षेप इतिहासाने खोटा ठरविला, असे मला वाटते. कारण पक्षाच्या साऱ्या गटांनी मिळून जेवढे लोक कधी रस्त्यावर आणले नाहीत तेवढे 'नादुरुस्त' गटाने आणले.

परंतु दुसरा आक्षेप इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. १९६७ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुकांसाठी दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला. सत्तेजवळ राहून गरिबाची चार कामे होतील, ही त्यामागची भावना असेल. पण ज्या शासनाकडे जमीन मागावयाची त्याच्याशीच समझोता झाल्यावर चळवळीची धार गेली, आणि समझोत्याची ती वाट पुढे अनेकांनी स्वतःच्या लाभासाठी वापरली. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७० च्या सुमारास पक्षात पुन्हा फूट पडली. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे निधन झाले, आणि १९७२ मध्ये दलित पँथरचे तरुण रस्त्यावर आले ते जुन्या नेतृत्वावर संतापूनच.

आज त्यांच्या नावाने शासनाची योजना आहे : कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबास चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तिची तरतूद आहे. २००४-०५ पासून ती सुरू झाली; आरंभी निम्मी रक्कम कर्ज होती, २०१८ पासून ती पूर्ण अनुदानाची झाली. योजनेचा हेतू चांगला आहे. पण जमीन खाजगी मालकाकडून विकत घ्यावयाची असते. शासनाच्या दरात जमीन विकणारा मिळाला तरच ती लाभार्थ्याला मिळते. गावात कोणाला जमीन विकावयाची आणि कोणाला नाही, हे ज्यांच्या हाती पूर्वी होते त्यांच्याच हाती पुन्हा राहते. दादासाहेबांनी सरकारच्या ताब्यातील पडीक जमीन मागितली होती, ती यासाठीच.

शेवटी

व्याख्यानानंतर चहा घेताना विहाराच्या समितीचे एक वयस्क सदस्य मला मागच्या खोलीत घेऊन गेले. कपाटातून त्यांनी एक जाड फाईल काढली. विहार ज्या जागेवर उभे आहे ती जागा समितीच्या नावावर व्हावी म्हणून केलेल्या अर्जांच्या प्रती, पोचपावत्या, स्मरणपत्रे. पहिला अर्ज आता पिवळा पडला आहे. भोवतालच्या शेतांवर वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांचे कागद झाले. विहाराचा कागद अजून व्हावयाचा आहे. "सर," ते म्हणाले, "माझी आई चौसष्टच्या सत्याग्रहात जेलमध्ये होती. मी तेव्हा तिच्या कडेवर होतो. जमीन तर मिळाली नाहीच. पण आई म्हणायची, मागितल्याशिवाय मेलो असे व्हायला नको."

आपल्या मुलांना दादासाहेबांची जयंती साजरी करावयास सांगताना हार आणि मेणबत्ती पुरेशी नाही. आपल्या कुटुंबाची वतनाची जमीन कोणत्या गावात होती, तिचा सातबारा आज कोणाच्या नावावर आहे, आजी-आजोबांपैकी कोण १९५९ किंवा १९६४ मध्ये तुरुंगात गेले होते, हे त्यांनी विचारून लिहून ठेवावे. तलाठी कार्यालयात जाऊन जुना फेरफार काढता येतो, आणि घरातील वृद्ध आहेत तोवर त्यांची साक्षही घेता येते. प्रत्येक विहाराने आपल्या परिसरापुरती अशी एक वही तयार केली, तर दादासाहेबांच्या चरित्राचा जो भाग अजून लिहिलेला नाही तो लिहून होईल.